फोटो जुळत नाही

माझी बॅग आठ दिवस आधीच भरून झाली होती. रोज सकाळी ती उघडायची, सगळं बाहेर काढायचं आणि पुन्हा तसंच आत रचायचं, हा माझा उद्योग चालला होता. हसायचं तर हसा. पंचावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या बाईने दुसरं काय करावं?

शिवाय कारणही तसंच होतं. माझी ताई लग्न करत होती! वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, परदेशात, एका बेकरीवाल्याशी. इतकी वर्षं तिकडच्या इस्पितळात नर्स म्हणून राबली, लग्नाचा विषय काढला की फोन ठेवून द्यायची, आणि आता विचारलं तर म्हणते, "पाव आणायला जात होते गं, दुसरं काही नाही." शनिवारी नोंदणी कार्यालयात सह्या व्हायच्या होत्या. आईबाबा कधीच गेले, भाऊ नाही. ताईच्या बाजूने साक्षीदाराची सही मी करायची, असं ठरलं. सात वर्षांत आम्ही एकमेकींना प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं.

चार दिवसांसाठी जायचं तर व्हिसा लागत नाही, प्रवासाची ऑनलाइन परवानगी पुरते. फॉर्म भरायचा, फोटो जोडायचा, उत्तर मेलवर येतं. "तासाभरात येते," असं आमचे हे कुठेसं वाचून आले होते. म्हणून गुरुवारच्या विमानासाठी आम्ही दोघं शहाणे सोमवारी फॉर्म भरायला बसलो.

बसलो ते दुकानातच. यांचा फोटो स्टुडिओ आहे. हे आत फोटो काढतात आणि मी बाहेर काउंटरवर पाकिटं भरते, गिऱ्हाइकांशी भांडते. हे एकेक प्रश्न मोठ्याने वाचत होते.

"दहशतवादी कारवायांत कधी सहभाग?" यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "घरातल्या धरायच्या का?"

"नाही लिहा मुकाट्याने."

मग फोटो. तिथे तर यांची छाती दोन इंच फुगली. "तू फोटोची काळजीच सोड. तीस वर्षांत आपला एक फोटो कुठल्या ऑफिसातून परत आलेला नाही." मला स्टुलावर बसवलं, हनुवटी वर, खांदे खाली, हसू नकोस, जास्त गंभीरही होऊ नकोस. फोटो काढून हे संगणकाकडे वळले. तेवढ्यात बाहेर गिऱ्हाईक आलं म्हणून मी उठले. परत येईपर्यंत फॉर्म गेलेला होता.

मंगळवारी जेवणाचा डबा उघडला आणि मेल आला. जोडलेला फोटो पासपोर्टवरील व्यक्तीशी जुळत नाही. नवा फोटो पाठवावा. तपासणीस तीन दिवस लागू शकतात.

मी बोटं मोजली. शुक्रवार. माझं विमान गुरुवारी संध्याकाळी. घास हातातच राहिला.

यांना मात्र आधी अपमानच वाटला. "जुळत नाही म्हणजे काय? डोळे आहेत का त्यांना?" पट्टी घेऊन हे स्क्रीनवर माझं डोकं मोजायला लागले. मागचा पडदा पांढरा, कान दिसताहेत, सावली नाही. सगळं नियमाप्रमाणे. मी पासपोर्ट आणून स्क्रीनला टेकवून उभा केला. त्यातला फोटो पासपोर्टच्या ऑफिसातच, तिथल्या माणसाने काढलेला. पासपोर्टातली बाई मी होते. स्क्रीनवरची माझी भाची शोभली असती.

"अहो, माझा तीळ कुठाय?"

हे पुढे वाकले. नाकाशेजारचा तीळ नव्हता. डोळ्यांखालची वर्तुळं नव्हती. मानेच्या घड्या पार इस्त्री करून टाकलेल्या.

"हात फिरला वाटतं," हे हळूच म्हणाले.

हात फिरवणं हे आमच्या धंद्यातलं काम. लग्नाचे, वाढदिवसाचे फोटो असले की हे संगणकावर बसून माणसाला दहा वर्षं मागे नेतात. पण ओळखपत्राच्या फोटोला हात लावायचा नाही, हा नियमही यांचाच. तीस वर्षं त्यांनी तो पाळला होता. माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! "जगातल्या सगळ्यांचे तीळ जागेवर, आणि बायकोचाच बरा गायब केलात!"

"गिऱ्हाईक असतं तर हात नसता गं लावला," हे म्हणाले. "तुझा फोटो होता म्हणून कळलंच नाही."

मी जाऊन स्टुलावर बसले. "काढा. जशी आहे तशी."

फोटो निघाला. यांचा हात सवयीने माउसकडे गेला. मी मनगट धरलं.

"निदान मानेचं थोडं..."

"हात लावाल तर याद राखा."

फोटो मी स्वतः पाठवला.

संध्याकाळी ताईला फोन करून सगळं सांगितलं. ती खो खो हसली. "नाही जमलं तर जाऊ दे गं. शेजारीण करेल सही, सांगून ठेवलंय तिला. तू नंतर ये निवांत." ती इतकं सहज म्हणाली की मला वाईट वाटलं. शेजारीण! बहीण जिवंत असताना!

बुधवारी मी काम केलं नाही, सरळ सांगते. दर पाच मिनिटांनी मेल उघडत होते. यांनी दोनदा चहा आणून ठेवला आणि दोनदा गार झालेला उचलून नेला. चार वाजता एक हेडमास्तर फोटोसाठी बसले होते. हे कॅमेऱ्याला डोळा लावून म्हणत होते, "हलू नका." तेवढ्यात संगणक वाजला.

परवानगी मंजूर.

मी किंचाळले. हेडमास्तर स्टुलावरून उठलेच. मी यांना गदागदा हलवत होते, हे हसत होते आणि बिचारे हेडमास्तर काय झालं ते न कळताच माझं अभिनंदन करत होते. "उद्या!" मी म्हटलं. "उद्या मी विमानात!" आणि लगेच ताईला फोन लावला.

"मिळाली! येतेय मी! त्या शेजारणीला सांग, तिची सही नको म्हणावं."

पलीकडे ताईने खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला.

"तिला विचारलंच नव्हतं मी," ताई म्हणाली. "आज कार्यालयात कळवलं, तर विचारलं, दुसरं नाव देता का? नाही दिलं. त्यांना सांगितलं, बहीण आली नाही तर तारीख रद्द करा."

मी यांच्याकडे वळले. यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "ताई," हे म्हणाले, "पाठवतोय हो तिला."