त्याच्या नावावरचे श्वास

मशीन घरात आलं त्याच दिवशी तिनं त्याचं नाव ‘सवत’ ठेवलं. नवऱ्याच्या उशाशी ठाण मांडून बसायचं, रोज ताजं पाणी मागायचं, आणि एकदा त्याच्या नाकाला नळी लागली की त्याला बायकोकडे कूस वळवू द्यायचं नाही. दुसरं काय म्हणणार?

“सवत कसली, सासू म्हण,” नवरा म्हणाला होता. “माझ्यावर पाळत ठेवते, आणि वर चहाड्या सांगते.”

चहाड्यांचं मात्र खरं होतं. तो रात्रपाळीचा बसचालक. एका पहाटे स्टिअरिंगवर त्याचा डोळा लागला आणि बस दुभाजकाला घासत गेली. माणसं वाचली, पण डेपोनं त्याला झोपेच्या तपासणीला धाडलं. झोपेत घसा मिटतो, श्वास अडकतो, जीव दचकून जागा होतो, पुन्हा तेच. म्हणून दिवसभर झोपूनही हा पेंगुळलेलाच. उपाय म्हणजे हे मशीन. मास्कमधून हवेचा दाब देऊन ते घसा उघडा ठेवणार. पण त्याच्या पोटात एक सिमकार्डही होतं. मास्क किती वेळ लावला, श्वास किती वेळा अडकला, हवा कुठं गळली, हे सगळं तो झोपून उठेपर्यंत दवाखान्यात पोचलेलं असायचं, आणि तिथून रिपोर्ट डेपोत. रिपोर्ट बरा तर हातात बस, नाहीतर घरी बसा.

पहिले काही दिवस तो उठला की मोबाईलवर मशीनच्या ॲपमध्ये लाल, रडका चेहरा यायचा. मग डेपोतून फोन आला, पुन्हा असं झालं तर चालणार नाही म्हणून.

“अगं, लावूनच झोपतो ना मी! तुझ्यासमोरच तर लावतो!”

तो खोटं बोलत नव्हता. लावूनच झोपायचा. थोड्या वेळानं झोपेतच त्याचा हात वर जायचा, पट्टा सुटायचा, आणि उठल्यावर त्याला काही म्हणजे काही आठवायचं नाही. तिनं मास्क पुन्हा चढवून पाहिला. त्यानं झोपेतच तिचा हात झिडकारला, आणि त्याचं कोपर शेजारी निजलेल्या लेकीला लागता लागता राहिलं.

एका दुपारी मास्क असाच उशीवर पडून फुसफुसत होता. दात येत असलेली लेक किरकिर करून आत्ता कुठं झोपली होती. ती जागी होऊ नये म्हणून तिनं मास्क उचलला आणि सरळ स्वतःच्या नाकाला लावला. फुसफुस थांबली. मशीनला नाक मिळालं.

तो उठला तेव्हा मोबाईलवर हिरवा, हसरा चेहरा होता. त्यानं लेकीला खांद्यावर घेऊन घरभर फेरी मारली. “बाबा पास झाला! पास झाला ना बाबा?” सांगायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तो इतका हसला होता कधी, हेच तिला आठवेना. उद्या सांगू, असं तिनं मनाशी ठरवलं.

मग ते रोजचंच झालं. त्यानं काढायचा, तिनं लावायचा, आणि त्याच्या उठण्याआधी उशीखालचा मोबाईल थरथरला की हळूच त्याच्या नाकावर ठेवायचा. वाईट हे, की तिला ते मानवलं. लेक झाल्यापासून तिचा डोळाच लागत नसे, एक कान सतत लेकीकडे. आता मशीनच्या घरघरीत तिला काही ऐकू येईना. शेजारी नवऱ्याचं घोरणं मध्येच तुटायचं, तेही नाही. ती मस्त झोपायची.

तपासणीच्या दिवशी दवाखान्यात आपला नंबर येईपर्यंत तो खुर्चीतच पेंगला, तोंड उघडं टाकून. तिनं त्याला कोपरानं ढोसलं.

“अगं, बसल्या जागी डुलकी कुणाला येत नाही?” तो ओशाळून हसला.

आत मशीनवाल्या मॅडमनी मशीनमधलं नोंदी साठवणारं दुसरं कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं आणि पडदा दोघांकडे वळवला. “दादा, श्वास बघा तुमचा! एका लयीत. अडकणं जवळजवळ नाहीच. डॉक्टरांनी फिट लिहिलंय, रिपोर्ट डेपोत गेलासुद्धा.”

“ऐकलंस?” तो तिच्याकडे वळला. “घाटातली गाडी मिळणार! डेपोतले साहेब म्हणालेच होते, रिपोर्ट येऊ दे, उद्यापासून घाट तुझा.”

 एवढे दिवस तिला वाटत होतं, कुणीतरी हे बघत असेल. बाईचा श्वास वेगळा असेल, कुणाच्या तरी लक्षात येईल, कुणीतरी फोन करून दरडावेल. ती पकडलं जाण्याची वाटच पाहत होती जणू.

“मॅडम, मास्क कुणी लावलाय, हे मशीनला कळतं का हो?”

“त्याला काय कळणार, ताई! हवा आत गेली, बाहेर आली, एवढंच. नाव आपण घालायचं.” मॅडमनी पडद्यावर बोट ठेवलं. “इथं तेवढी लय मोडलीय. खोकलात की काय, दादा?”

“इथं लेक माझ्या छातीवर चढली होती,” ती म्हणाली.

“कुणाच्या?” मॅडमनी विचारलं.

“माझ्या. हे श्वास माझे आहेत. सगळेच.”

नवरा आधी हसला. मग त्यानं तिचा चेहरा पाहिला आणि त्याचं हसू मावळलं. “वेड लागलंय का तुला? माझी नोकरी घालवायचीय?”

“नोकरी राहावी म्हणूनच लावला होता.”

“मग आता कशाला तोंड उघडलंस?”

“घाट आहे म्हणून.”

मॅडमचा हात माऊसवरच थिजला. “ताई, हे पुसता येत नाही हो. कार्डावरचं पुसलं तरी सिममधून वर गेलेलं तसंच राहतं. मला सांगावं लागेल. डॉक्टरांना, आणि डेपोलाही.”

डेपोचा फोन वाटेतच आला. तो नुसतं “हो साहेब, हो साहेब” म्हणत राहिला. फोन खिशात टाकून त्यानं लेकीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, बायकोपासून लांबच्या. 

“आता झोपून तरी कुठली गाडी गाठायचीय,” घरात आल्यावर तो भिंतीला म्हणाला. तरीही त्यानं मास्क लावला आणि पाठ करून आडवा झाला.

थोड्याच वेळात त्याचा हात वर गेला. मास्क उशीवर पडून फुसफुसू लागला. लेक चुळबुळली. तिनं लेकीला मांडीवर घेतलं, पण मास्कला हात लावला नाही. मशीनला जे लिहायचं ते लिहू दे. इथं कुणी नाही, असं लिहू दे.

तो घोरत होता. घोरणं चढत गेलं आणि मध्येच तुटलं. आज ते तुटणं तिला स्वच्छ ऐकू आलं. त्याची पाठ हलेना. ती थांबली, आणखी थांबली, मग तिनं त्याचा खांदा गदागदा हलवला. विहिरीतून वर काढल्यासारखा त्यानं श्वास ओढला, डोळे उघडले, तिच्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं, आणि पुन्हा मिटून घेतले.

तिनं एक हात लेकीवर ठेवला, दुसरा त्याच्या पाठीवर, आणि पुढच्या शांततेची वाट बघत बसून राहिली.