मिस्त्रींच्या हत्यारांची धार

हत्यारं वाटून टाकायची असं मिस्त्रींनी ठरवलं तेव्हा मी नुसतं "बरं" म्हटलं. मिस्त्री म्हणजे माझे यजमान. सगळं जग त्यांना मिस्त्री म्हणतं, मग मी एकटीनं वेगळं काय म्हणू?

गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून त्यांचं काम बंद होतं. मुलगा कचेरीत कारकून, भिंतीत खिळा ठोकायचा तर शेजाऱ्याला हाक मारतो. मागच्या शेडमधल्या पेटीत पाच रंधे, चार करवती, पटाश्यांचा गठ्ठा असा सगळा संसार पडून होता. सूनबाईनं मोबाइलवर त्याचे फोटो टाकले. म्हणाली, "आई, हौस म्हणून सुतारकाम करणारी माणसं असतात. त्यांना देऊ, नुसती गंजून जाण्यापेक्षा." हौस म्हणून कुणी भुशात लोळतं यावर माझा काही विश्वास बसला नाही. पण आठवड्याच्या आत तिघं दारात हजर!

एक दातांची डॉक्टरीण. दुसरा कॉम्प्युटरवर काम करणारा पोरगेला माणूस, व्हिडिओ पाहून पाहून सुतार झालेला. तिसरे निवृत्त मास्तर. मास्तरांनी स्वतः केलेल्या स्टुलाचा फोटो आणला होता. फोटोतसुद्धा ते डुगडुगत होतं.

डॉक्टरीणबाईंनी एक पटाशी उचलून अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवली. "बापरे! माझ्या दवाखान्यात नाही हो अशी धार! मिस्त्री, तुम्ही लावता?"

मिस्त्रींनी मिशीवरून हात फिरवला. "मग काय, शेजारी येऊन लावून जातो?"

मी दारात मटार सोलत होते. हातातली शेंग अशी मोडली की दाणे शेडभर उडाले.

कारण ती धार माझी. माझे वडील सायकलवर दगडी चाक बसवून गल्लोगल्ली सुऱ्या-कात्र्यांना धार लावत फिरायचे. मी चालायला लागले तेव्हापासून त्यांच्या मागे. लग्न होऊन इथे आले, तर चौथ्या दिवशी हे रंध्याचं पातं दगडावर घासताना दिसले. घासत कसले, जळकं पातेलं खरवडत होते म्हणा. मला बघवेना. हातातून पातं काढून घेतलं आणि धार लावून दिली. त्यांनी लाकडावर रंधा फिरवला, तर कांद्याच्या पापुद्र्यासारखा छिलका सुटला. मिस्त्रींनी तो बोटांत धरून पाहिला. मग हळूच म्हणाले, "कुणाला सांगू नकोस हं. लोक हसतील." नवी नवरी मी, म्हटलं, नाही सांगत.

पुढची त्रेचाळीस वर्षं दुपारची भांडी झाली की दगड, पाणी, चामड्याचा पट्टा घेऊन मी मागच्या दारी बसायची आणि हे आत घोरायचे. मिस्त्रींच्या हत्यारांची धार बघायला लांबून लांबून सुतार यायचे. त्यांना चहा मी द्यायची. मी यांच्याकडे कधी बांगडी मागितली नाही, साडी मागितली नाही. एकदा, फक्त एकदा, चार माणसांत यांनी खरं सांगावं, एवढंच मनात होतं. आणि आता तर पेटीच घराबाहेर चालली होती. आत्ता हे नाही बोलले तर कधीच नाही.

तेवढ्यात मास्तर म्हणाले, "मिस्त्री, हत्यारं नेऊ, पण आमच्याकडे चार दिवसांत बोथट होतील. आधी धार लावायला शिकवा."

"त्यात काय!" मिस्त्री छाती फुगवून म्हणाले. "रविवारी या."

तिघं फाटकाबाहेर पडले आणि छातीतली हवा निघाली. "अगं, आता?"

"आता काय? शिकवा."

"तू असं कर, सगळ्या हत्यारांना एकदा झकास धार लावून ठेव. मी सांगतो, आमच्या घराण्याचं गुपित आहे, बाहेर सांगत नाही."

"घराणं माझ्या वडिलांचं. गुपित तुमचं."

"मग तू माझ्या शेजारी बस. हळूच खूण कर."

"मी टॉवेलांच्या घड्या करत बसणार," मी म्हटलं. "तोंड तुमचं आहे, उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा. माझं त्रेचाळीस वर्षं बंद आहे, अजून एक रविवार राहील."

मग तीन दिवस शेडचं दार लावून आतून खसखस, खसखस. मधून मधून "आई गं!" सूनबाई मलमपट्टीचा डबा घेऊन दोनदा गेली. मी नाही गेले.

रविवारी तिघं वहीपेन घेऊन आले. मिस्त्रींनी आधी लाकडाच्या जाती सांगितल्या. मग लाकडाच्या गाठी. मग चहा. मग पुन्हा गाठी. शेवटी डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, "मिस्त्री, धार?"

झालं. दगडावर पाणी पडलं, पातं टेकलं, आणि मिस्त्रींचं मनगट पाळण्यासारखं झुलायला लागलं. धारेची उतरती बाजू दगडाला चिकटून सपाट राहायला हवी. ती झुलली की कड गोल झालीच. मला टॉवेलांकडे बघवेना आणि दगडाकडेही बघवेना.

डॉक्टरीणबाईंनी पातं नखावर टेकवलं. धार असती तर नखाला चावलं असतं, हे सर्रकन घसरलं. त्यांनी ते उजेडात धरलं. "गोल झालंय बहुतेक," त्या अगदी हळू म्हणाल्या. पेशंटला दात काढायचाय हे असंच सांगत असतील.

मास्तर वहीत काहीच नसताना काहीतरी खोडत बसले. मग कॉम्प्युटरवाल्यानं पातं बाजूला ठेवलं आणि मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवून गोड आवाजात म्हणाला, "राहू द्या आजोबा. हात थरथरतो, वयानं होतं असं. तुम्ही नुसतं तोंडी सांगा."

"हो हो, वय आहे शेवटी," मास्तर म्हणाले.

सुटकेची वाट यांना आयती मिळाली होती. नुसती मान हलवायची, एक सुस्कारा टाकायचा, की सगळं वयावर ढकलून मोकळे. मग धार जन्मभर यांचीच. मी टॉवेल हातात धरून तशीच बसले.

मिस्त्री लालबुंद झाले. "आजोबा? आजोबा कुणाला म्हणतोस रे?" त्यांनी उजवा हात फळीसारखा पुढे ताणला. "बघ! आहे थरथर? हातावर पाण्याचा पेला ठेव, थेंब सांडला तर सांग!"

"नाही, पण मग हे पातं..."

"मला कधी येतच नव्हतं! विशीत येत नव्हतं, चाळिशीत येत नव्हतं! वयाचा काय संबंध?" आणि माझ्याकडे बोट करून ओरडले, "ही लावते! लग्न झाल्यापासून हीच लावते! वय झालंय म्हणे!"

सूनबाईच्या हातातला ट्रे वाजला. तिघं माझ्याकडे वळले.

मी किती वेळा मनात ठरवलं होतं, हे कसं सांगतील. घसा खाकरतील, माझ्याकडे बघतील, दोन शब्द बरे बोलतील. प्रत्यक्षात काय, तर म्हातारं म्हटलं म्हणून पिसाळले आणि रागाच्या भरात बाहेर पडलं! पण पडलं. मी माणसं मोजली. सूनबाई धरून बरोबर चार होती.

"काकू, खरंच?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"सरका," मी म्हटलं आणि पदर खोचला.

त्या दिवशी तिघांना घाम फोडला. "मास्तर, मनगटाला कुलूप लावा. कोपर हलवा. डॉक्टरीणबाई, पात्याच्या मागच्या बाजूला बोट लावा, खरखर लागते का? लागली तरच पातं उलटं करायचं, त्याआधी नाही. आणि तू रे, आधी तो मोबाइल खिशात घाल. दगड इथे आहे, त्यात नाही." कॉम्प्युटरवाल्यानं ऐकलं बिचाऱ्यानं. मी सांगूनच टाकलं, ज्याची धार माझ्या नखाला चावेल त्यालाच हत्यार मिळेल. बाकीच्यांनी चहा प्यायचा आणि घरी जायचं.

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्याच रविवारी पटाश्या नेल्या. कॉम्प्युटरवाल्याला तिसऱ्या रविवारी दोन रंधे मिळाले. मास्तरांनी पाच रविवार घेतले, पण स्टुलाचे चारही पाय आता जमिनीला लागतात म्हणे.

मिस्त्री पहिल्या रविवारपासून रांगेत शेवटी बसतात. कुणी बोलावलं नव्हतं, आपणहून बसले. परवा त्यांनी पातं माझ्यापुढे धरलं. मी नखावर टेकवलं. घसरलं.

"पुन्हा," मी म्हटलं.

"अगं, मास्तरांचं याहून वाईट होतं, ते पास केलंस!"

"मास्तर माझ्या धारेवर त्रेचाळीस वर्षं मिरवले नव्हते."

सगळे हसले. मिस्त्रीही हसले, आणि गुपचूप दगडावर पाणी शिंपडायला लागले.