तीन घरचा पाहुणा

दोन घरचा पाहुणा उपाशी, म्हणतात. आमच्या आमदारांना घरं तीन: सकाळी विधानसभा, दुपारी स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी, संध्याकाळी विद्यापीठात वर्ग. एकदा घाईत ते विद्यार्थ्यांना 'सन्माननीय सदस्यहो' म्हणाले, तर पोरांनी लागलीच सभात्याग केला.

फोन घ्यायला सवड नाही म्हणून त्यांनी कंपनीत आपल्याच आवाजाचं यंत्र करवून घेतलं. ते इतकं पटाईत, की समोरच्याची ख्यालीखुशाली विचारी आणि मध्येच घसाही खाकरी.

सोमवारी आमदारांना ताप भरला. त्यांनी कुणाला कळवलं नाही. म्हणाले, बघू तरी आपल्याला शोधत आधी कोण येतं. बुधवारपर्यंत चिटपाखरू फिरकलं नाही. शेवटी आवाज बदलून त्यांनीच फोन लावले.

"साहेब कंपनीत आहेत," कचेरीतला सहायक म्हणाला.

"सर? सर वर्गावर," कंपनीतल्या बाई म्हणाल्या.

विद्यापीठातला शिपाई तर म्हणाला, "आत्ताच गेले की. जिन्यात असतील अजून."

आमदारांना जरा हायसं वाटलं. निदान तो दुसरा तरी हिंडताफिरता होता.

मग त्यांनी ताईला फोन लावला. दोन वर्षं ताई दर रविवारी फोन करी आणि यंत्राशी बोलून ठेवून देई.

"ताई, मी बोलतोय. बरं नाहीये मला."

"आता उलट फोनही करायला शिकवलं वाटतं तुला?"

"अगं, यंत्र नाही. मीच आहे."

"मागच्या रविवारीही हेच म्हणालास, बाबा." पलीकडे नळ बंद झाला. "बरं, एक काम कर. ताप आला की त्याचा डावा कान लालबुंद होतो, आणि कबूल काही करत नाही. तेवढा बघत जा. तिथे दुसरं आहे कोण त्याच्याजवळ?"

आमदारांनी डाव्या कानाला हात लावला. चटका बसला. लहानपणीची एखादी खूण सांगून खात्री पटवावी, असं त्यांच्या मनात आलं. पण त्या सगळ्या खुणा त्यांनीच यंत्राला पढवून ठेवल्या होत्या.

"बघतो, ताई," ते म्हणाले.

"शहाणा आहेस. त्याच्यापेक्षा तूच बरा, ऐकून तरी घेतोस."