दहा मिली दूध

वर्षाने शिडीचा पाय धरून गदागदा हलवला, तसा वर चढलेला शाम घाबरून खांबाला बिलगला.

"काढ तो फ्लेक्स," ती म्हणाली.

"पागल झाली का? पडलो असतो ना मी!"

"पडला असता तं मीच पट्टी बांधली असती. काढ आधी."

शाम तिचा चुलतभाऊ. तांड्यातल्या प्रत्येक वाढदिवसाचा, निवडीचा आणि तेरवीचा फ्लेक्स त्याच्याच हातून लागायचा. आजचा दहा फूट बाय आठ. कडेने अठ्ठावीस शुभेच्छुकांचे गोल गोल चेहरे आणि मधोमध वर्षा. चेहरा तिचा, दहावीच्या हॉल तिकिटावरचा. मानेखालचा पांढरा कोट आणि गळ्यातला स्टेथोस्कोप कुण्या भलत्याच बाईचा. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'आपल्या तांड्याची पहिली डॉक्टर'.

"कोणाले विचारून लावला?"

"काकाले विचारलं. ते म्हणे डॉक्टरच लिही."

वर्षाने शिडी सोडली. बापाने सांगितलं म्हटल्यावर शामशी भांडून काय उपयोग? पण अंगाचा तिळपापड झाला तो झालाच. गेला आठवडाभर ती घरात एकच गोष्ट घसा कोरडा होईपर्यंत सांगत होती. नीटच्या गुणांवर आयुर्वेदाला नंबर लागेल हे खरं, पण तिला ते घ्यायचं नव्हतं. तिला बी.एस्सी. नर्सिंग करायचं होतं. चार वर्षं ते, मग वर्षभर वॉर्डात काम, मग दोन वर्षं एम.एस्सी., आणि त्यात विषय लहान मुलांचा. सीईटी तिने चांगल्या गुणांनी पास केली होती. कॉलेजांचा पसंतीक्रम भरायची मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत होती, आणि फॉर्म उघडायचा तर ओटीपी यायचा तो बापाच्या मोबाईलवर. बाप रोज म्हणायचा, "पाहू." आणि हे असं पाहिलं त्याने.

अकरा वाजता मंदिरापुढच्या मंडपात गुणवंतांचा सत्कार सुरू झाला. गुणवंत चार, भाषणं नऊ. शेवटचं भाषण धावजी नायकांचं. तांड्यात त्यांचा शब्द खाली पडत नसे आणि भाषणही लवकर संपत नसे.

"आपले वाडवडील बैलाइच्या पाठीवर मीठ वाहात गावोगाव हिंडले," ते म्हणाले. "आज त्याइची पोरगी डॉक्टर होऊन राह्यली. बोल बेटा, दोन शब्द बोल."

वर्षाने माईक हातात घेतला. समोर पहिल्या ओळीत तिचा दहा वर्षांचा भाऊ ओम पेढा खात बसला होता. बाजूला फुलसिंग, तिचा बाप, मांडीवर कुणीतरी दिलेला हार घेऊन.

"मी डॉक्टर होऊन नाई राह्यली," ती म्हणाली. "मी नर्सिंगले जाऊन राह्यली. लहान लेकराइच्या."

 मग बायकांच्या बाजूने संगीताकाकू म्हणाली, "अवो माय, गू-मूत काढायले कायची डिग्री लागते?"

लोक हसले. आपलाच पोरगा पास झाल्यासारखे मनापासून हसले.

"लागते काकू," वर्षा म्हणाली. "तेराशे ग्रॅमच्या लेकराचं काढाचं असन तं शिकावं लागते. त्याले कपड्यानं चोळून पुसलं तं कातडी निघून येते हातात."

हसू थांबलं. धावजींनी हळूच तिच्या हातातून माईक काढून घेतला. "पोट्टी मजाक करून राह्यली," ते म्हणाले. "डॉक्टर झाली म्हणजे सुईही देईन अन् गोळीही देईन. वाजवा टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. टाळ्यांचं काय, त्या कशालाही वाजतात. वर्षाला राग त्यांचा आला नाही. तिने बापाकडे पाहिलं. धावजींच्या त्या वाक्यावर फुलसिंगही हसला होता, सुटल्यासारखा. ते हसू मात्र तिला झोंबलं.

घरी आल्यावर ती जेवली नाही. फुलसिंग जेवला आणि खाटेवर पडून राहिला. तीन वाजले तेव्हा सोनीबाईने, वर्षाच्या आईने, मोटारसायकलची चावी आणून त्याच्या छातीवर ठेवली.

"तिले बोरीले घेऊन जा. काय भराचं ते तिले भरू द्या."

"तुले काय समजते त्यातलं?"

"ओमसाठी यवतमाळच्या दवाखान्यात एकवीस दिवस मी बसली होती त्या काचेच्या खोलीत. तुमी नव्हते बसले."

फुलसिंग उठला. त्याने गाडी काढली. तांड्यापासून बोरी अरबपर्यंत बापलेक गाडीवर बसून गेले, पण मधे हातभर जागा सोडून.

बाजारातल्या नेट कॅफेत गर्दी नव्हती. अमर हे दुकान चालवायचा. साऱ्या पंचक्रोशीच्या पोरांचे फॉर्म त्याच्या बोटांखालून गेले होते. त्याने वर्षाचा नंबर टाकला आणि म्हणाला, "काका, ओटीपी आला असन पाहा."

फुलसिंगच्या खिशात फोन थरथरला. तो तिघांनाही ऐकू आला. फुलसिंगने फोन काढला, पाहिला, आणि पालथा करून मांडीवर ठेवला.

"नाई आला," तो म्हणाला.

अमरने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. माणूस शहाणा होता. "मी चहा सांगून येतो," असं म्हणून तो बाहेर गेला.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

"बा, खोटं काहून बोल्ले?" वर्षा म्हणाली.  "सरळ सांगा ना, नर्सची लाज वाटते म्हणून. साऱ्या तांड्यासमोर हसले तसं इथंही हसा."

"लाज नाई."

"मंग काय?"

"तुले माहीत नाई लोक नर्सले कसं वागवतात."

"माहीत हाय."

"नाई माहीत!" फुलसिंग ओरडला आणि त्याने दाराकडे पाहिलं. बाहेर अमर चहावाल्याशी बोलत उभा होता. मग फुलसिंग खाली पाहून बोलू लागला. "ओम झाला तवा... ते इवलंसं लेकरू. ती सिस्टर त्याले दहा मिली दूध पाजे. दोनच चमचे. मी म्हणो, वाढव. ती म्हणे, जिरत नाई, हळूहळू वाढवू. मले वाटलं, तांड्याचे लोक म्हणून उपाशी मारून राह्यली. एक दिवस मी आत घुसलो." तो थांबला. "थापड मारली मी तिले. कानाखाली. तुले कोनी सांगतलं नसन हे."

"मी काचेच्या बाहेर होती, बा."

फुलसिंगने मान वर केली.

"नऊ वर्षाची होती मी. सारं दिसत होतं." वर्षा त्याच्याकडे न पाहता बोलत होती. "ओमच्या नाकात नळी होती. तिच्या हातात दुधाची सिरिंज, अशी वर धरलेली. तुमी मारलं तं तिचा चष्मा खाली पडला. पण हात नाई हलला. दूध संपेपर्यंत तिनं तो तसाच धरला. गार्ड तुमाले घेऊन गेला तरी तसाच. मंग नळी बंद केली, ओमले नीट झोपवलं, अन् मंग चष्मा उचलला. मले तो हात शिकाचा हाय."

फुलसिंगने डोळ्यांवरून पंजा फिरवला.  दहा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट पोरीला पहिल्यापासून ठाऊक होती, हे त्याच्या लवकर गळी उतरत नव्हतं.

"मोठ्या मनाची बाई," तो शेवटी म्हणाला. "दुसऱ्या दिवशी मले वाटलं, आता पोलीस येईन. कोनी नाई आलं. काही बोल्ली नाई ती. माफ केलं तिनं मले."

"नाई केलं."

"आँ?"

"माफ नाई केलं. मी पाणी आनाले गेलती तं ऑफिसचं दार उघडं होतं. ती म्हणे, तक्रार लिहून घ्या. साहेब म्हणे, जाऊ द्या हो सिस्टर, तांड्याचा अडाणी मानूस हाय, लेकरू बरं झालं का जाईन निघून. ती पुन्हा म्हणे, लिहून घ्या. कोनी पेन नाई उचलला. मंग आली परत. ओमच्या दुधाची वेळ झाल्ती."

"अडाणी म्हणे?" फुलसिंगने विचारलं.

"हो. तुमाले अन् तिले एकाच वाक्यात निपटवलं साहेबानं."

फुलसिंगचा चेहरा काळवंडला. दहा वर्षं ज्या माफीच्या आधारावर तो निवांत झोपत होता, ती कुणी दिलेलीच नव्हती. त्याने मांडीवरचा फोन घट्ट धरला.

"म्हणूनच सांगून राह्यलो ना मी!" तो एकदम उसळून म्हणाला. "असं हाय तिथं. उद्या तुले कोनी हात लावला, अन् असंच कोनी लिहून नाई घेतलं तं? मी तं त्याचा हात उपटून टाकीन. तुवा बाप हाय मी!"

वर्षाने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

"तिलेही असन बाप," ती म्हणाली.

रस्त्यावरून कापसाच्या गठाणी भरलेला एक ट्रक गेला, त्याने दुकानाचं काचेचं दार थरथरलं. फुलसिंगने पालथा फोन सुलटा केला.  वर्षाने त्याची समजूत काढली नाही. काढावीशी वाटली नाही तिला. राग अजून ताजा होता, आणि तो एकट्या बापावरचा नव्हता.

अमर तीन चहा घेऊन आत आला. खुर्चीत बसून त्याने पडद्याकडे पाहिलं.

"पहिला ओटीपी गेला बाद," तो म्हणाला. "दुसरा पाठवू का, काका?"

फुलसिंगने होकारार्थी मान हलवली.

फोन थरथरला. फुलसिंगने तो डोळ्यांजवळ नेला आणि एकेक आकडा सांगू लागला. चौथ्या आकड्यापासून तो पुटपुटल्यासारखा बोलू लागला.

"ऐकू नाई आलं, काका," अमर म्हणाला.

फुलसिंगने घसा खाकरला आणि सहाही आकडे पुन्हा पहिल्यापासून सांगितले.