मालकीणबाईंच्या उंचीची सीट

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. माझ्या मालकीणबाई गेल्या, हे मला कोणी सांगितले नाही. सायकलीला कोण सांगणार? रोज सकाळी त्या माझे टायर अंगठ्याने दाबून बघत. त्या सकाळी अंगठा आलाच नाही. दिवसभर घरात माणसे येत राहिली आणि कोणीच मोठ्याने बोलेना. संध्याकाळी मालक माझ्याजवळ आले. त्यांनी टायर दाबले आणि स्वतः तसेच जमिनीवर बसले. तेव्हा मला कळले.

मालकीणबाई बुटक्या होत्या. मला विकत घेतले तेव्हा दुकानदाराने माझी सीट अगदी खाली नेली. त्यांनी बसून दोन्ही पाय जमिनीला टेकवून पाहिले आणि म्हणाल्या, "बास. आता हिला कोणी हात लावायचा नाही." कोणी लावला नाही.

मी त्यांना कामावर नेले, बाजारात नेले, हँडलला पिशव्या लटकवून परत आणले. आणि दर वर्षी सायकलींच्या मोठ्या फेरीला नेले. पहाटे निघायचे, शेतांमधून, कालव्याच्या कडेने जायचे, एक लांब चढ चढायचा आणि अंधार पडायच्या आत परत यायचे. मालक कधी आले नाहीत. ते शेवटच्या कमानीपाशी टॉवेल घेऊन उभे राहत.

"आलीस एकदाची! मला वाटलं, वाटेत दुसरं घर केलंस."

"केलं असतं हो, पण तिथे टॉवेल कोण धरणार?"

मला वाटे, झाले यांचे सुरू. आता ते ऐकायला मिळत नाही.

या वर्षीही मालकीणबाईंनी नाव आधीच नोंदवून ठेवले होते. त्यांच्या नंबरची पट्टी घरी आली. त्यांची मुलगी म्हणाली, परत पाठवू. मालक म्हणाले, "मी जातो."

"बाबा, तुम्ही कोपऱ्यावरच्या दुकानात गाडीने जाता!"

"मग आता सायकलने जाईन."

"निदान सीट तरी वर करून घ्या."

"बघू."

मित्रांनो, हे 'बघू' ऐकून माझे नसलेले कान किटले. मालक चांगले उंच आहेत. माझ्यावर बसले की त्यांचे गुडघे हँडलपर्यंत येतात. फेरीत पायडल फिरले की दर वेळी उजवा गुडघा घंटीवर आपटे. घंटी वाजे. पुढचे लोक बिचारे बाजूला होऊन वाट देत, आणि आम्हाला काही पुढे जाता येत नसे! शेवटी एकाने विचारलेच, "काका, जायचंय की नुसतं वाजवायचंय?"

उतारावर ते ब्रेक दाबून धरत. चढावर चुकीचा गिअर टाकत. माझी साखळी कुरकुरली तर मलाच म्हणत, "काय झालं तुला?" मला काय व्हायचे आहे? मागे राहिलेल्यांना उचलणारा टेम्पो आमच्या पाठीशीच घुरघुरत होता.

लांब चढाच्या पायथ्याशी मालकांचे गुडघे धरले. टेम्पो थांबला. फेरीबरोबरचा मेकॅनिक खाली उतरला.

"काका, गुडघे कानाला लागतायत तुमचे. दोन मिनिटं द्या, सीट वर घेतो. नाहीतर टेम्पोत बसा."

मी म्हटले, सुटले एकदाची! त्याने बोल्टला पाना लावला, तोच मालकांनी वर हात ठेवला.

"नको. ही तिची उंची आहे. एकदा हलली की मला परत सापडायची नाही."

मेकॅनिकने पाना काढून घेतला. मग त्याने लाल चिकटपट्टीचा तुकडा तोडला आणि सीटच्या दांड्याला, चौकटीच्या अगदी वर, गोल गुंडाळला.

"आता कितीही वर न्या. परत खाली आणताना पट्टी चौकटीला टेकली, की हीच काकूंची उंची. करू?"

मालकांनी पट्टीवरून बोट फिरवले. "घरी गेल्यावर करतो," म्हणाले.

काय म्हणावे या माणसाला! टेम्पोला नको म्हणून त्यांनी मला हाताने ढकलत पूर्ण चढ चढवला आणि पलीकडे पुन्हा घंटी वाजवत निघाले.

आम्ही पोहोचलो तेव्हा लोक खुर्च्या उचलत होते. कमान अजून उभी होती. आम्ही तिच्याखालून गेलो. मुलीने टाळ्या वाजवल्या. मालक घामाने निथळत उतरले आणि इकडेतिकडे बघू लागले. टॉवेल कोणीच आणला नव्हता. दर वर्षी टॉवेल आणणारा माणूस या वेळी माझ्यावर बसला होता.

"टॉवेल राहिला गं," ते म्हणाले. मुलीने आपल्या ओढणीने त्यांचा चेहरा पुसला.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. आपल्या सायकलीला तेल द्या, हवा बघा, आणि जो चालवणार त्याच्या उंचीची सीट करून घ्या. आधीच्याची उंची हरवत नाही, फक्त खूण करून ठेवावी लागते. माझी खूण झाली आहे. घरचा पाना खिडकीत काढून ठेवला आहे. मालक रोज सकाळी येतात, टायर दाबतात, पट्टीकडे बघतात आणि आत जातात.

सीट अजून वर केलेली नाही.