मंदोदरीच्या अंगणातली तुळस

‘शाहीर हैबतीबुवांच्या प्रत्येक सवालाला ग्रंथाधार आहे,’ असे पोलादपूरच्या शक्ती-तुरा सामन्याच्या फलकावर मंडळाने ठळक छापले होते. विधान भारदस्त होते. फक्त ग्रंथ कोणता, हे छापायला जागा उरली नसावी. आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाडीतल्या भरतने तो ग्रंथ शोधण्यात तारुण्य घालवले होते. अठरा पुराणे, मिळतील तेवढी रामायणे, महाडच्या वाचनालयातले कुणी न उघडलेले खंड. मंडळातल्या कुणी यातले एखादे पान उलटल्याचा पुरावा मात्र उपलब्ध नाही.

शक्ती-तुऱ्यात एक शाहीर पुराणातला सवाल गाऊन टाकतो. दुसऱ्याने तो गाऊनच सोडवायचा. ऐन उमेदीत, वरंधच्या सामन्यात, भरतसमोर खुद्द हैबतीबुवा उभे होते, ज्यांच्या कॅसेटी ऐकून तो गायला शिकला होता. बुवांनी विचारले: लंका जळत होती तेव्हा मंदोदरीच्या अंगणातल्या तुळशीला पाणी कुणी घातले? भरत गप्प झाला. शिट्ट्या झाल्या. त्याने बुवांच्या पायांवर डोके ठेवले; त्यानंतर तो पुन्हा मंचावर चढला नाही. मागे झील धरणारे साथीदार एकेक करून मुंबईला गेले. घरात तो आणि पोथ्या उरल्या. या डोंगरात शाहिराच्या सवालावर शंका घेत नाहीत. आपल्या वाचनावर घेतात. एवढे वाचूनही भरतने तेच केले.

आज पोलादपूरच्या मंचावर बुवांच्या थकलेल्या गळ्यातून असा काही सूर निघाला, की भरतच्या बोटांनी नकळत मांडीवर ठेका धरला. कित्येक वर्षांनी त्याला गावेसे वाटले. पण उत्तर कळल्याशिवाय तोंड उघडायचे नाही, हा त्याचा नेम होता. म्हणून सामना संपताच तो मंचामागे गेला.

बुवा खुर्चीत बसून पंच्याने मान पुसत होते.

“फोटू ना रे? थांब, घाम टिपू दे. नायतर म्हातारा रडतोय असं वाटंल.”

“फोटो नको, बुवा. मी भरत. वरंधला तुमच्यासमोर होतो.”

“माझ्यासमोर लय जण व्हते रे.”

“मंदोदरीची तुळस.”

पंचा थांबला.

“त्याच्यानंतर कुठं गायलास?”

“गायलोच नाय. सगळं वाचून झालं माझं. कुठल्या पोथीत आहे ते सांगा.”

“घरी कोण हाय तुझ्या?”

“कोणी नाय. पोथी सांगा, बुवा.”

बाहेर बुवांना न्यायला आलेल्या गाडीचा हॉर्न वाजला. बुवा उठले नाहीत. भरतकडे न बघता म्हणाले, “कुठल्याच पोथीत नाय. तुझं गाणं लोकं सोडाया तयार नव्हती, मला भ्या वाटलं, म्हणून उभ्या उभ्या सवाल रचला. उत्तर मलापण ठाव नव्हतं.”