बिनउखाण्याचं नाव

"मालकांचं नाव?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि महाडच्या दवाखान्यातल्या बाकावर हैबती मिशीत हसला. आता त्याची बायको पदर पुढे ओढणार, हे ठरलेलं. मागल्या खेपेलाही राहीबाईने तेच केलं होतं. इकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे डॉक्टरीणबाईंना ठाऊक होतं. आठवणीच्या परीक्षेतला त्या प्रश्नाचा मार्क त्यांनी हसून देऊन टाकला होता.

राहीबाई कॅन्सरमधून उठली होती. मुंबईच्या औषधांनी गाठ गेली, केस गेले, केस परतही आले. पण डोकं काही ठिकाणावर येईना. आमटीत दोनदा मीठ घालायची, तव्यावर भाकरी टाकून पाण्याला जायची. गाव म्हणे, बाईला भुरळ पडली. मुंबईहून महाडला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मात्र सगळं ऐकून घेतलं. दुखण्यातून उठलेल्या पुष्कळ बायांचं असं होतं म्हणाल्या, आणि त्यावरचे दोन उपाय त्यांना पारखून बघायचे होते. चिठ्ठी काढून काहींना गोळ्या, काहींना सराव. राहीबाईला सराव निघाला आणि हैबतीचं तोंड उतरलं. मुंबईची डॉक्टर, आणि साधी गोळी देत नाही म्हणजे काय!

सराव असा, की रोज संध्याकाळी आख्खा दिवस उलटा सांगायचा, दिवेलागणीपासून मागे पहाटेपर्यंत. पोलादपूरच्या वरल्या अंगाला त्यांचं घर. तिथे चुलीत लाकडं सारत हैबती म्हणायचा, "नाय गो, त्याच्या आदी." ती चिडायची, रडायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. लावणीच्या दिवसांत कंबरेचा काटा ढिला झाला तरी बाईने सराव चुकवला नाही. चिकाटी म्हणावी ती ही.

आज तीच परीक्षा पुन्हा होती. सकाळची न्याहारी, दाखवून झाकलेल्या वस्तू, सगळं तिने धडाधड सांगितलं. नावापाशी मात्र थांबली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, राहू द्या, त्याचा मार्क मागेच दिलाय.

"त्यो काडून टाका," राहीबाई म्हणाली. "तवा मी लाजले नव्हते, बाय. मला नाव आठवतच नव्हतं. पदराखाली सोदत व्हते. घरी कुनी यांना हाक मारली, तवा गावलं."

हैबतीचं हसू जागच्या जागी विरलं. इतकी वर्षं एका चुलीपुढे बसून, हिला आपलं नावच सापडत नव्हतं? त्याला फार वाईट वाटलं. मग वाटलं, आपल्याला एवढं लागलं, तर ही त्या दिवशी पदराखाली किती घाबरली असेल.

डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं, यांच्यासमोर हे सांगायची काय गरज होती?

"मग सरावानं गुण आला का नाय, ते तुमाला कसं कळंल?"

एकट्या तुमच्यावरून काही ठरणार नाही, त्या म्हणाल्या.

"नसंल ठरत. पन माझ्या मागं आनखी बाया हायत. माझं तरी खरं असूं दे."

राहीबाईने पदर मागे सारला आणि सरळ समोर बघितलं. उखाणा नाही, काही नाही.

"हैबती," ती म्हणाली.

लग्नापासून तिच्या तोंडून असं उघडं नाव त्याने ऐकलं नव्हतं. लांबून कुणी हाक मारावी तसा तो बाकावरून अर्धा उठला आणि म्हणाला, "ओ."